एम. डेस.ची दोन वर्षे : कच्चे काम वेळेवर दाखवण्याची कला

'सीड' ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन पदव्युत्तर डिझाइन अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, की घरात पेढे वाटले जातात. परीक्षेचा डोंगर पार झाला, आता केवळ आवडीचे काम करायचे, अशी विद्यार्थ्याची आणि पालकांचीही समजूत असते. ती फार काळ टिकत नाही. पहिल्या सत्राचे काही आठवडे उलटतात. टेबलावर तीन-चार विषयांची अर्धवट कामे साचतात. सकाळी ज्युरीपुढे सादरीकरण असते आणि पहाटे चार वाजता विद्यार्थी हातात कटर घेऊन माउंटबोर्ड कापत बसलेला असतो. आपण या क्षेत्रासाठी योग्य नाही, ही शंका बहुधा अशाच एखाद्या पहाटे मनात शिरते.

वास्तविक ही शंका गुणवत्तेविषयी नसते. शिकण्याच्या जुन्या सवयी नव्या जागी निरुपयोगी ठरू लागल्याची ती खूण असते. त्या सवयी कोणत्या आणि त्यांच्या जागी काय आणायचे, हे वेळीच उमगले तर ही दोन वर्षे जड जात नाहीत.

पवईची परंपरा

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'आयडीसी' हे या शिक्षणाचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. ते १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच्या उभारणीत मोठा वाटा असलेले प्रा. सुधाकर नाडकर्णी हे जर्मनीतील उल्म येथील डिझाइन विद्यालयात शिकून आले होते. रुपयाचे जे चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले, त्याचे रचनाकार डी. उदय कुमार हेही आयडीसीचेच विद्यार्थी.

उल्मचे विद्यालय १९५३ मध्ये सुरू झाले. त्याची मुळे १९१९ मध्ये वायमार येथे स्थापन झालेल्या 'बाउहाउस'पर्यंत जातात. आधी सिद्धान्त आणि मग प्रयोग, हा क्रम या परंपरेने मोडला. विद्यार्थ्याने हाताने करावे, चुकावे, शिक्षकाने त्या चुकलेल्या कामावर बोलावे आणि विद्यार्थ्याने ते पुन्हा करावे, ही तिची पद्धत. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्टुडिओतील अशाच एका संवादाचे बारकाईने विश्लेषण केले. कुशल व्यावसायिक काम करता करताच विचार करतो, कागदावरची प्रत्येक रेघ त्याला पुढची दिशा सुचवते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. या पद्धतीत शिक्षण घडते ते दाखवलेल्या कामावर. वहीत किंवा डोक्यात दडवून ठेवलेल्या कल्पनेवर शिक्षक काहीच बोलू शकत नाही.

एकच बरोबर उत्तर नसते

या अभ्यासक्रमांना येणाऱ्यांत अभियांत्रिकीचे पदवीधर मोठ्या संख्येने असतात. वास्तुशास्त्र आणि उपयोजित कलेतूनही विद्यार्थी येतात. अभियांत्रिकीच्या प्रश्नाला सहसा उत्तर असते. ते सापडले की काम संपते. डिझाइनचा प्रश्न तसा संपत नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी औषधांचा डबा तयार करा, एवढाच विषय दिला जातो. मग वृद्धांना भेटायचे, त्यांची दिनचर्या पाहायची, थरथरत्या बोटांना झाकण उघडते का हे तपासायचे, पन्नास रेखाटने करायची, थर्माकोलचे किंवा पुठ्ठ्याचे नमुने बनवायचे. यातील कोणताही टप्पा 'पूर्ण झाला' असे छातीठोकपणे सांगता येत नाही. आणखी एक भेट, आणखी एक नमुना नेहमीच शक्य असतो.

ज्या कामाला स्वतःचा शेवट नसतो, ते मिळेल तेवढा वेळ गिळते. म्हणूनच येथे शेवट विद्यार्थ्याने ठरवावा लागतो. अंतिम तारखेपासून उलट मोजत येणे, हा त्याचा सोपा मार्ग. समजा प्रकल्पाला आठ आठवडे आहेत. आठवा सादरीकरणाला, सातवा अंतिम मॉडेलला, पाचवा आणि सहावा चाचण्यांना, तिसरा आणि चौथा पर्यायांना, तर पहिले दोन अभ्यासाला. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस एक पर्याय निवडायचा आणि त्यानंतर मूळ कल्पना बदलायची नाही. पाचव्या आठवड्यात अधिक चांगली कल्पना सुचेलच. ती वहीत टिपून ठेवावी आणि पुढच्या प्रकल्पात वापरावी.

जागरणाचा हिशेब

डिझाइन विद्यालयांत जागरणाला एक प्रकारची प्रतिष्ठा असते. जो अधिक जागला, तो अधिक झटला, असे मानले जाते. शास्त्रीय पुरावा मात्र उलट आहे. सलग २४ तास जागलेल्या व्यक्तीची कार्यक्षमता रक्तात सुमारे ०.१० टक्के मद्य असलेल्या व्यक्तीइतकी घसरते, असे 'नेचर'मध्ये १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. भारतात वाहनचालकासाठी मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. धारदार कटर, करवत आणि ड्रिल हाताळणाऱ्याने ही तुलना ध्यानात ठेवलेली बरी.

रोजची थोडीथोडी झोप कमी करणेही तितकेच महाग पडते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सहभागींना दोन आठवडे रोज सहा किंवा त्याहून कमी तास झोपू दिले गेले. त्यांचे लक्ष आणि स्मरण एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतके खालावले. विशेष म्हणजे आपण किती खालावलो आहोत, याची त्यांना पुरेशी जाणीवच नव्हती. 'मला सवय आहे' या विधानावर म्हणूनच विसंबता येत नाही.

वास्तुशास्त्राच्या अमेरिकन विद्यार्थी संघटनेने २००२ मध्ये स्टुडिओ संस्कृतीवर अहवाल काढला. सर्वाधिक तास स्टुडिओत घालवणारा तो उत्तम विद्यार्थी, उत्तम कल्पना मध्यरात्रीच सुचतात, अशा रूढ समजुतींवर त्यात नेमके बोट ठेवले होते. परस्पर आदर, एकमेकांशी वाटून घेणे, आशावाद यांसारखी मूल्ये स्टुडिओत रुजावीत, असा त्याचा आग्रह होता.

टीका कामावर, माणसावर नाही

सर्वांत खोल जखम होते ती ज्युरीत. महिनाभराच्या कामावर दहा मिनिटांत, वर्गमित्रांसमोर प्रश्न विचारले जातात. शाळेपासून पहिला क्रमांक सोडला नाही, त्याला ते अधिक लागतात.

यावरचा एक उपाय प्रयोगाने तपासला गेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३३ जणांकडून संकेतस्थळावरील जाहिराती तयार करून घेतल्या. काहींनी एक जाहिरात करून त्यावर अभिप्राय घेतला आणि मग पुढची केली. इतरांनी आधी तीन जाहिराती एकदम करून अभिप्राय घेतला, मग दोन केल्या आणि शेवटी एक. दोन्ही गटांनी केलेल्या नमुन्यांची संख्या सारखीच होती. तरीही अनेक पर्याय एकदम मांडणाऱ्यांच्या जाहिराती सरस ठरल्या आणि त्यांचा आत्मविश्वासही अधिक वाढला. एकेक जाहिरात घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांना मात्र टीका बोचली.

कारण समजण्याजोगे आहे. टेबलावर एकच नमुना असेल, तर त्यावरचा प्रत्येक शब्द करणाऱ्याला लागतो. तीन नमुने असतील, तर तुलना होते ती नमुन्यांची. अडीच दिवस खपून चकचकीत केलेल्या एका मॉडेलपेक्षा पुठ्ठ्याची तीन ओबडधोबड मॉडेल्स अधिक शिकवतात आणि कमी दुखवतात. खर्चही वाचतो, हा आणखी एक लाभ.

सादरीकरणाच्या वेळी मित्राला टिपणे घ्यायला सांगावे. ताणाखाली ऐकलेले नीट लक्षात राहत नाही आणि कठोर वाक्य तेवढे मनात घोळत राहते. दुसऱ्या दिवशी शांतपणे टिपणे वाचली, की दहापैकी दोन-तीनच सूचना काम बदलणाऱ्या असल्याचे ध्यानात येते. सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता काम थांबवावे, तक्ते छापून घ्यावेत आणि एकदा मोठ्याने बोलून पाहावे. मॉडेलची एक कड खडबडीत राहिली तरी चालते. मांडणारा थकून अडखळत असेल, तर चांगले कामही परीक्षकांपर्यंत पोहोचत नाही.

मदत मागण्यात कमीपणा नाही

थकवा आणि नैराश्य यांतील सीमारेषा ओळखणे मात्र आवश्यक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडणे, जेवण टाळणे, आवडीच्या गोष्टींत रस न उरणे, मित्रांपासून तुटत जाणे ही लक्षणे वेळेच्या नियोजनाने जात नाहीत. अशा वेळी संस्थेतील समुपदेशकाला भेटावे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. घरच्यांनीही फोनवर 'काम संपले का?' एवढेच न विचारता 'झोपलास का, जेवलास का?' हे विचारावे.

पदवी हाती पडते तेव्हा दोन वर्षांतली बहुतेक मॉडेल्स मोडीत गेलेली असतात. उरते ती अपुरे काम चारचौघांत मांडण्याची आणि बोलणे ऐकून पुन्हा कामाला बसण्याची सवय. पुढे कोणत्याही कार्यालयात रोज हेच करावे लागते. ही सवय पहिल्या सत्रातच लावून घेतली, तर कटर हातात धरून काढलेल्या त्या पहाटांची संख्या निश्चितच कमी होईल.