ऑइल प्रेशरचा काटा पडला! इंजिन आजारी आहे की काटाच खोटं बोलतोय?

अनंत चतुर्दशीची रात्र. गिरगावातल्या गल्लीतून मंडळाचा जुना डिझेल टेम्पो चौपाटीकडे निघालाय. दहा पावलं पुढे, पाच मिनिटं उभा. संध्याकाळपासून इंजिन एकदाही बंद झालेलं नाही. ड्रायव्हर काकांच्या शेजारी तुम्ही बसलाय आणि तुमचं लक्ष डॅशबोर्डकडे जातं. ऑइल प्रेशरचा काटा जवळजवळ शून्यावर टेकलाय!

काका म्हणतात, "गरम झालं की असंच होतं रे, रेस दिली की येतो वर." मागे बसलेला मित्र म्हणतो, "थांब, अ‍ॅप लावून बघू." आता कुणाचं ऐकायचं?

मित्राचं तर नाहीच. असल्या जुन्या इंजिनात कॉम्प्युटर नसतो, ओबीडी पोर्ट नसतो, त्यामुळे ब्लूटूथचं डोंगल लावायला जागाच नाही. काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं कळलं नाही तर मात्र इंजिन जाम होऊ शकतं, तेही भर गर्दीत. म्हणून हा काटा वाचायचा कसा, ते आज नीट समजून घेऊया.

काटा नेमकं काय मोजतो?

बऱ्याच जणांना वाटतं की काटा इंजिनमध्ये ऑइल किती आहे ते दाखवतो. तसं नाही. ते काम दांडीचं, म्हणजे डिपस्टिकचं. काटा दाखवतो दाब, आणि दाब तयार होतो अडथळ्यामुळे.

चाळीत राहिलेल्यांना हे लगेच कळेल. सकाळी पाणी आलं आणि खालच्या दोन मजल्यांवर सगळ्यांनी नळ सोडले, की तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते. पाणी तेवढंच आहे, पण वाटा जास्त उघडल्यात, म्हणून दाब गेला. इंजिनातही असंच. खालच्या चेंबरमधलं ऑइल पंप उचलतो आणि फिल्टरमधून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत ढकलतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये जेमतेम केसाच्या जाडीएवढी फट असते. ऑइल तिथून दाटीवाटीनं बाहेर पडतं, म्हणून मागे दाब टिकतो. बेअरिंग झिजलं की फट वाढते. ही फट दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाला तिच्यातून सुमारे आठपट ऑइल निसटतं! म्हणून थोडीशी झीजसुद्धा काट्यावर दिसते. आणि तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं? टॅपेट. दाब कमी झाला की अनेकदा आधी वरून टकटक ऐकू येते ती याचमुळे.

विसर्जनाच्या रात्रीच काटा का पडतो?

कारण त्या रात्री तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली, ऑइल तापून पातळ होतं. डिझेल गाड्यांत सर्रास वापरलं जाणारं १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना जितकं घट्ट असतं, त्याच्या साधारण सातपट पातळ ते १०० अंशांना होतं. दुसरी, ऑइलचा पंप इंजिनच्याच गियरवर फिरतो. इंजिन हळू, तर पंपही हळू. तिसरी, गाडी चालण्याच्या वेगानं जात असल्यामुळे रेडिएटरला पुरेशी हवा मिळत नाही. मोठ्या मूर्तींच्या मिरवणुका तासन्‌तास चालतात. लालबागच्या राजाला चौपाटीवर पोचायला वीस तासांहून जास्त लागतात. अशा मिरवणुकीत हळू चालणारं इंजिन तापतच राहतं.

त्यामुळे गरम इंजिन, कमी रेस आणि काटा खाली, एवढ्यावरून लगेच घाबरू नका. मेकॅनिक लोकांचा एक ढोबळ हिशेब आहे: दर १००० आरपीएमला सुमारे १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार. काट्यावर किलोचे आकडे असतील तर १ किलो म्हणजे जवळपास १ बारच धरा. पण हा फक्त अंदाज. शेवटचा शब्द तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलचा.

मिरवणुकीतल्या जनरेटरचं मात्र वेगळं. बहुतेक डिझेल जनरेटर सतत १५०० आरपीएमवर चालतात. तिथे काटा एका जागी स्थिर हवा. तो हळूहळू उतरत असेल तर "गरम झालंय" म्हणून सोडून देऊ नका.

आधी काटा तपासा, मग इंजिन

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि दांडी बघा. पातळी कमी असेल तर ऑइल भरा आणि गळती शोधा. पातळी वाढली असेल तर ते जास्त वाईट! ऑइलला डिझेलचा वास येतोय का बघा. नोझल गळत असेल किंवा फीड पंपाचा पडदा फाटला असेल, तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ करतं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. या दोन्हींपैकी काही दिसलं तर गाडी चालू करूच नका. नुसतं काळं ऑइल मात्र घाबरण्यासारखं नाही. डिझेल इंजिनात ते काजळीनं लवकर काळं होतंच.

आता वायरिंग. चावी फिरवा, पण इंजिन चालू करू नका. ऑइलचा लाल दिवा लागायलाच हवा. लागला नाही तर बल्ब उडालाय किंवा वायर तुटलीये, म्हणजे तुमचा पहारेकरी झोपलाय. उलट दिव्याच्या स्विचची वायर घासून बॉडीला टेकली तर प्रेशर चांगलं असूनही दिवा विझत नाही.

काट्याचा सेन्सर वेगळा असतो. दाब बदलला की त्याचा रेझिस्टन्स बदलतो. काही सेन्सर शून्य दाबाला १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहम दाखवतात, तर काहींचं उलटं असतं, शून्याला २४० आणि पूर्णला ३३. म्हणून वायर तुटली की एका गाडीत काटा वर जाऊन चिकटतो आणि दुसऱ्या गाडीत शून्यावर बसतो. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मल्टिमीटर इथे कामाला येतो. आणखी एक खूण: हेडलाइट लावल्यावर किंवा हॉर्न वाजवल्यावर काटा उडाला, तर तो दोष विजेचा. हॉर्ननं ऑइलचा दाब बदलत नाही!

खरं प्रेशर कसं मोजायचं?

सेन्सर काढून त्याच्या जागी मेकॅनिकल गेज लावायचा. यात वायर नसते, ऑइलचा दाब थेट काटा ढकलतो. ऑपेरा हाउसच्या आसपासच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत विचारताना जुना सेन्सर सोबत न्या, कारण आटे जुळले नाहीत तर गरम ऑइल उडेल. हे काम थंड इंजिनवर, मोकळ्या हवेत आणि मेकॅनिकच्या सोबतीनं करा.

तीन आकडे लिहा: थंड इंजिन कमी रेसवर, अर्धा तास गाडी चालवून गरम इंजिन कमी रेसवर, आणि गरम इंजिन २००० आरपीएमवर. मग मॅन्युअलशी ताडून बघा.

मेकॅनिकल गेज ठीक आणि डॅशबोर्डचा काटा खाली, तर सेन्सर किंवा वायरिंग बदला, विषय संपला. गरम असताना कमी, पण रेस दिल्यावर बऱ्यापैकी वर, तर ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजायला लागलंय. रेस देऊनही वर येत नाही, तर पंप, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा चेंबरमधली जाळी बघा. वळणावर किंवा ब्रेक मारताना काटा डुलतो, तर ऑइल कमी आहे आणि पंप हवा ओढतोय. गरम झाल्यावरही काटा खूप वर, तर ऑइल गरजेपेक्षा घट्ट आहे किंवा रिलीफ व्हॉल्व्ह अडकलाय. जास्त दाबही चांगला नाही, फिल्टरचं रबर फाटू शकतं.

मग फोनचा उपयोग काय?

उपयोग आहे. जुन्या टेम्पोत आरपीएमचा मीटर नसतो. फोनवर आवाजाचं स्पेक्ट्रम दाखवणारं फुकट अ‍ॅप घ्या. चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात आरपीएम भागिले ३० केलं की स्फोटांची फ्रिक्वेन्सी मिळते. म्हणजे १५०० आरपीएमला ५० हर्ट्झ आणि २००० ला सुमारे ६७. तिथे उंच शिखर दिसेल. अगदी कमी रेसचा खालचा आवाज फोनच्या माइकला नीट पकडता येत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरं, काट्याचा व्हिडिओ काढा, थंड आणि गरम दोन्ही वेळी. तिसरं, आवाज रेकॉर्ड करा. वरून बारीक टकटक म्हणजे टॅपेट. खालून जड ठोका, लोड पडल्यावर वाढणारा, म्हणजे बेअरिंग. हा आवाज मेकॅनिकला व्हॉइस नोटनं पाठवू नका, त्यात तो बराच दाबला जातो. रेकॉर्डरची फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

घट्ट ऑइलचा शॉर्टकट नको

"२०डब्ल्यू-५० टाक, काटा वर येतो," असा सल्ला हमखास मिळतो. काटा येतोही वर. पण झिजलेलं बेअरिंग झिजलेलंच राहतं, फक्त ते सांगणारा काटा गप्प होतो. जुनी गाडी विकत घेताना म्हणूनच नुसता थंड इंजिनचा काटा बघून हो म्हणू नका. अर्धा तास फिरवा, मग बघा.

आता परत त्या टेम्पोत

काकांना जरा रेस द्यायला सांगा. काटा वर आला, दिवा विझलेला आहे आणि आवाज नेहमीचा आहे, तर कडेला जागा मिळेल तिथे इंजिनला विश्रांती द्या, दांडी बघा आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकल गेज लावा.

पण लाल दिवा लागला, किंवा काटा शून्यावर आणि खालून ठोका येतोय, तर त्या क्षणी इंजिन बंद! "चौपाटी समोरच दिसतेय" हे कारण चालणार नाही. ऑइलशिवाय बेअरिंग पकडायला फार वेळ लागत नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकलाही इंजिनची मदत मिळत नाही, म्हणून आधी हँडब्रेक ओढा आणि चाकांखाली लाकडी ठोकळे लावा. मागे माणसं आहेत.

पुढचं अंतर दोरखंड लावून ओढत नेता येतं. मंडळात हातांची कमी नसते.