मूर्ती लहान, उत्साह महान

जुन्या ग्रामोफोन तबकडीवर कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा आठवतो ना? त्याचं नाव निपर. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलचा हा टेरिअर पाहुण्यांच्या पोटऱ्यांना चावे घ्यायचा, म्हणून ते नाव पडलं. तो जॅक रसेल टेरिअरच्या वळणाचा होता, असं मानलं जातं. चित्रात तो अगदी शांत दिसतो. पण या जातीचा कुत्रा घरात असा स्वस्थ बसेल, या भरवशावर मात्र राहू नका!

ही जात शिकारीसाठी तयार झाली. डेव्हन परगण्यातले पाद्री जॉन रसेल यांना लोक ‘जॅक’ म्हणत. १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका गवळ्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री विकत घेतली. तिच्यापासून हा वंश सुरू झाला, असं सांगतात. कोल्हा बिळात दडला की मागोमाग आत शिरायचं आणि भुंकून त्याला बाहेर काढायचं, हे या कुत्र्याचं काम. त्यासाठी छाती अरुंद हवी. अंग बहुतांशी पांढरं हवं, म्हणजे इतर शिकारी कुत्री त्यालाच कोल्हा समजणार नाहीत.

आज घरात कोल्हा नाही, पण स्वभाव तोच आहे. उंची साधारण २५ ते ३० सेंटिमीटर, वजन पाच-सहा किलो. त्यामुळे ‘फ्लॅटला अगदी योग्य’ असं आपल्याला वाटतं. इथेच चूक होते. दिवसभर कोंडलेला जॅक रसेल कुंड्या उकरतो, चपला फाडतो, भुंकून शेजाऱ्यांना हैराण करतो. मग ‘कुत्रा वाईट निघाला’ म्हणून त्याला कुणाच्या तरी गळ्यात मारलं जातं. खरं तर तो बेकार बसलेला असतो, इतकंच.

त्याला रोज किमान तासभर व्यायाम हवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पहाटे आणि सूर्यास्तानंतरच फिरवा. खार किंवा मांजर दिसली की तो हाक ऐकत नाही. म्हणून रस्त्यावर पट्टा सोडू नका. ससा, पक्षी घरात असतील तर ही जात टाळा. खाऊ लपवून शोधायला लावा, म्हणजे डोक्यालाही काम मिळतं. शिकवणी लहानपणापासून, थोडा थोडा वेळ आणि शाबासकी देऊन करा.

रेबीजची लस चुकवू नका. या जातीत जन्मजात बहिरेपण आणि डोळ्यातलं भिंग सरकण्याचा आजार आढळतो. डोळा लाल किंवा धूसर दिसला, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना गाठा. उशिरानं दृष्टी जाऊ शकते.

हा कुत्रा तेरा-चौदा वर्षं सहज जगतो. तेव्हा पिल्लू आणण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एकच: रोजचा एक तास, इतकी वर्षं, घरातलं नेमकं कोण देणार?