गिटारचा स्वर आणि रेक्टिफायर व्हॉल्व्ह

कराडलगतचें मलकापूर चोवीस तास मीटरनें मिळणाऱ्या पाण्यामुळें नांवारूपास आलें. पाण्याच्या कोणत्याहि योजनेंतील एक गोष्ट सर्वांच्या परिचयाची असते. नळ बंद असतांना नळींत दाब पूर्ण असतो. अनेक नळ एकदम सुटले कीं तो उतरतो, आणि किती उतरावा हें बरेंचसें नळीच्या रुंदीवर ठरतें. विजेच्या गिटारच्या अँप्लिफायरमध्यें अशीच एक अरुंद नळी असते. तिचें नांव रेक्टिफायर व्हॉल्व्ह.

मिरजेच्या सतारीचा नाद तिच्या भोपळ्यांत घुमतो. भरीव लांकडाच्या गिटारला भोपळा नाहीं. तारेच्या कंपनानें चुंबकाभोंवतींच्या वेटोळ्यांत अत्यंत क्षीण वीज उत्पन्न होते, आणि तिला मोठें रूप देणारा अँप्लिफायर हाच त्या वाद्याचा भोपळा. त्याच्या पोटांतील एखादा व्हॉल्व्ह बदलला कीं वाद्याचा स्वभावहि बदलतो, असें वादक म्हणतात तें निराधार नाहीं. मात्र त्याचें कारण बहुधा चुकीचें सांगितलें जातें.

घरांत येणारी वीज २३० व्होल्टची व सेकंदास ५० आवर्तनांची, म्हणजे दर सेकंदास १०० वेळां दिशा पालटणारी असते. अँप्लिफायरच्या व्हॉल्व्हांना एकाच दिशेनें वाहणारी व बऱ्याच चढ्या दाबाची वीज लागते. ट्रान्सफॉर्मर दाब वाढवितो; दिशेचें काम रेक्टिफायरचें. त्यांतील तापलेल्या तंतूंतून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे जातात, उलट येत नाहींत. याच तत्त्वावर जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनीं १९०४ मध्यें आपला व्हॉल्व्ह सिद्ध केला. पुढें कंडेन्सर तो तुटक प्रवाह सपाट करतात व थोडी वीज सांठवूनहि ठेवतात.

तारेचा स्वर या व्हॉल्व्हमधून कधींच जात नाहीं. तरीहि तो स्वराला वळण लावतो, तें असें. वादकानें सर्व तारांवर जोराचा आघात केला कीं शेवटचे शक्तिव्हॉल्व्ह एकाएकीं अधिक प्रवाह मागतात. रेक्टिफायरमधून जितका प्रवाह अधिक, तितके अधिक व्होल्ट त्याच्यांतच खर्ची पडतात; कंडेन्सरमधील सांठा उतरतो आणि दाब खालीं येतो. आघाताचें टोंक त्यामुळें बोथट होतें. मग स्वर विरूं लागला कीं मागणी घटते, दाब पुन्हां चढतो, आणि विरणारा स्वर जणूं मागून फुलून येतो. इंग्रजी बोलणारे वादक याला ‘सॅग’ म्हणतात.

५वाय३ या व्हॉल्व्हमध्यें १२५ मिलिअँपिअर प्रवाहास सुमारें ६० व्होल्ट खर्च होतात. जीझेड ३४ मध्यें २२५ मिलिअँपिअरलाहि १७ च्या आसपास, आणि सिलिकॉन डायोडमध्यें जेमतेम एक. थोराड ५यू४ या दोन व्हॉल्व्हांच्या मधला. अमेरिकेंतील फेंडर कंपनीच्या १९५० नंतरच्या दशकांतील लहानशा ‘डिलक्स’मध्यें ५वाय३ असे, त्या दशकाच्या अखेरच्या ‘बॅसमन’मध्यें, व त्यावरून मार्शल यांनीं १९६२ च्या सुमारास लंडनला काढलेल्या पहिल्या यंत्रांत, जीझेड ३४. पहिल्याचा आवाज मऊ व लवचिक, दुसऱ्यांचा ताठ. अर्थात् या फरकांत ट्रान्सफॉर्मर व स्पीकर यांचाहि वांटा मोठा आहे.

हा परिणाम यंत्र पुऱ्या जोरानें वाजवितांनाच ऐकूं येतो. जुन्या घरगुती रेडिओंत बहुधा एकच शक्तिव्हॉल्व्ह असे, व आवाज लहान असो वा मोठा, तो जवळजवळ सारखाच प्रवाह घेई. तेथें रेक्टिफायर बदलून गोडवा शोधणें व्यर्थ. तसेंच एकाच जातीच्या दोन निर्दोष व्हॉल्व्हांत केवळ कारखान्याच्या नांवावरून जमीन-अस्मानाचें अंतर सांगणाऱ्या दुकानदाराचें बोलणें, त्यानें सांगितलेल्या किमतीकडे पाहून ऐकावें.

तिन्ही व्हॉल्व्ह एकाच आठ पिनांच्या सॉकेटांत बसतात, आणि धोका नेमका येथेंच आहे. ५वाय३ काढून जीझेड ३४ बसविला तर दाब एकदम चढतो. शक्तिव्हॉल्व्ह तापून लाल होऊं शकतात व कंडेन्सर आपल्या मर्यादेबाहेर जातात. उलट मोठ्या यंत्रांत ५वाय३ घातला तर तोच जळतो. ५यू४ च्या तंतूला ३ अँपिअर लागतात, ५वाय३ ला २. ट्रान्सफॉर्मरचें वेटोळें तेवढें देण्याजोगें नसेल तर तेंहि जातें. म्हणून बदल करण्यापूर्वीं यंत्राचा नकाशा पाहावा व बदलानंतर शक्तिव्हॉल्व्हांचा प्रवाह जाणत्या माणसाकडून मोजून घ्यावा. बटण बंद करून प्लग काढला तरी कंडेन्सरमध्यें कित्येकदां चारशें व्होल्ट शिल्लक राहतात. ते उतरविल्यावांचून आंत हात घालूं नये.