पाऊस घटला की माप बदलले?

मृगाचा पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, हे बोलणे आपल्या उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठापासून डोंगरपट्टीपर्यंत प्रत्येक पारावर ऐकू येते. ते खरे की कसे, हे स्मरणावरून ठरावयाचे नाही. त्यास पुष्कळ वर्षांची, एकाच मापाने घेतलेली नोंद पाहिजे.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यात असता एका कचेरीची पर्जन्यवही लिहीत असे. सकाळी साडेआठास मापकातील पाणी मोजावयाचे. मापकाशेजारी कोणी हौसेने निंब लाविला होता. झाड जसजसे पसरले, तसतसे आकडे घटले. आणि आम्ही पाऊसच घटला असे समजत राहिलो!

उपग्रहांचेही असेच आहे. आपला कल्पना-१ हा २००२ साली, इन्सॅट-३डी २०१३ साली व इन्सॅट-३डीएस २०२४ साली आकाशात गेला. एक थकतो, दुसरा येतो. प्रत्येकाची नजर निराळी. शिवाय हे उपग्रह पाऊस मोजीत नाहीत, ढगांच्या माथ्याच्या थंडपणावरून पावसाचा अदमास बांधतात. उंचावरील विरळ ढग थंड असूनही कोरडे असतात, तेथे फसगत होते. म्हणून जुना व नवा काही काळ बरोबर चालवून दोहोंतील फरक काढावा लागतो, तेव्हा कोठे सलग वही तयार होते.

ध्रुवांवरून फिरणाऱ्या कित्येक उपग्रहांची तर वेळच सरकते. दुपारी दोनला डोक्यावरून जाणारा काही वर्षांनी चार-पाचला जाऊ लागतो. तोवर जमीन निवालेली. सबब पृथ्वी थंड होत असल्याचा भास होतो. अमेरिकेतील एका प्रसिद्ध तापमाननोंदीत या सरकण्याची दुरुस्ती उलट चिन्हाने झाली होती. मिअर्स व वेंट्झ यांनी २००५ साली ती चूक दाखविली, आणि मूळ नोंदकर्त्यांनी ती मान्य करून आकडे सुधारले. असा मोकळेपणा कचेऱ्यांत क्वचितच पाहिला.

उपग्रहाचा अदमास पडताळावयाचा तो अखेर जमिनीवरील मापकाशीच. पुण्याच्या हवामान कचेरीने १९०१ पासूनच्या दैनिक पर्जन्यनोंदींचा देशव्यापी संच केला आहे, तोही अशाच मापकांवर उभा आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हेही मंडळातील यंत्रच सांगते. त्यावर नुकसानभरपाई अवलंबून. तेव्हा आपल्या मंडळातील यंत्र हलविले, बदलले वा त्यापुढे भिंत उठली, तर त्याची तारीख वहीत लिहविण्याचा आग्रह शेतकरी बंधूंनी धरावा. तो निंब पुढे तोडला. तारीख मात्र आम्ही लिहिली नाही.