नागझिऱ्याची सफारी आणि लहान मुलांची झोप

साकोली तालुक्यातील पिटेझरी गेटमधून नागझिरा अभयारण्यात सकाळची सफारी उजाडताच सुरू होते. त्यासाठी मुलांना अंधारातच उठवावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 1 ते 2 वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास, तर 3 ते 4 वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास झोप लागते. पहाटेची दोन तासांची तूट म्हणूनच मोठी ठरते. अपुऱ्या झोपेने मूल मलूल होण्याऐवजी उलट जास्त चिडते, धावते आणि झोपेला विरोध करते.

निघण्याआधीचे तीन-चार दिवस रोज पंधरा-वीस मिनिटे लवकर निजवल्यास शरीर नव्या वेळेला सरावते. मुक्काम गेटजवळ असावा. भंडाऱ्याहून पहाटे निघण्यात झोपेचा आणखी एक तास जातो.

दुपारी खोली अंधारी करावी आणि घरचीच चादर, नेहमीचेच अंगाईगीत ठेवावे. ओळखीच्या क्रमाने परक्या जागीही झोप लागते. उघड्या जिप्सीतली डुलकी खोल नसते, धक्क्यांनी मोडते. ती दुपारच्या झोपेत धरू नये.

हिवाळ्यात दुपारची सफारी लवकर सुटते आणि नेमकी झोपेची वेळ खाते. पाच वर्षांखालील मूल सोबत असल्यास दिवसाला एकच सफारी घ्यावी.