दिवसाआड, 'बायवीकली' आणि 'एव्हरी अदर': फोनला नेमकं काय सांगायचं?

डॉक्टरांनी आजीला एक गोळी 'ऑल्टरनेट डे' घ्यायला सांगितली. घरात सॉफ्टवेअरवाला मी एकटाच, त्यामुळे रिमाइंडर लावायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आजीच्या फोनमधलं घड्याळ उघडलं, अलार्मला सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार असे चार वार निवडले, झालं काम! पुढच्या सोमवारी अलार्म वाजला तेव्हा आजी म्हणाली, "अरे, कालच घेतली की! आज खाड्याचा दिवस ना?"

तिने गोळी घेतली नाही, नशीब. चूक सरळ माझी होती. आठवड्याचे दिवस सात, म्हणजे विषम. दिवसाआडचं चक्र सात दिवसांत बसतच नाही. या आठवड्यात सोम-बुध-शुक्र-रवि असेल, तर पुढच्या आठवड्यात मंगळ-गुरु-शनि. फोनच्या साध्या अलार्मला फक्त वार कळतात, त्यामुळे हे काम त्याचं नाहीच.

आता शब्दांकडे येऊ. 'ऑल्टरनेट डे' आणि 'एव्हरी अदर डे' म्हणजे आपलं 'दिवसाआड'. 'एव्हरी अदर' ऐकून अनेकांना 'बाकीचे सगळे दिवस' असं वाटतं, कारण शाळेत 'अदर' म्हणजे 'इतर' एवढंच शिकवलेलं असतं. पण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'दुसरा' असाही होता, आणि या प्रयोगात तोच अर्थ आहे. मजा म्हणजे मराठीतला 'दुसरा'ही दोन्ही कामं करतो: दुसरा नंबर आणि दुसरा कुणीतरी. म्हणून 'एव्हरी अदर डे' म्हणजे 'दर दुसऱ्या दिवशी' असं लक्षात ठेवा, विसरणार नाही.

खरा घोळ आकड्यांचा. 'एव्हरी टू डेज' म्हणजे दिवसाआड. पण मराठीत 'दोन दिवसांआड पाणी' म्हटलं की मध्ये दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी नळ. म्हणजे इंग्रजीत ते 'एव्हरी थ्री डेज'. इंग्रजी एका वेळेपासून पुढच्या वेळेपर्यंतचं अंतर मोजतं, आपलं 'आड' मधले मोकळे दिवस मोजतं. मराठीतून विचार करून फोनमध्ये आकडा टाकताना एक वाढवायला विसरू नका. पिण्याचं पाणी असो की औषध, एका आकड्याने सगळं वेळापत्रक फिरतं.

औषधांच्या बाबतीत तर अमेरिकेत यावर नियमच झाला. तिथे डॉक्टर दिवसाआडसाठी 'क्यू-ओ-डी' अशी तीन अक्षरं लिहायचे आणि रोजसाठी 'क्यू-डी'. घाईच्या अक्षरात एकाचं दुसरं वाचलं जायचं. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये ही दोन्ही रूपं 'वापरू नका' यादीत टाकली. शब्द पूर्ण लिहा, असं सांगितलं.

'बायवीकली' हा मात्र माझ्या मते वापरूच नये असा शब्द आहे. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत! 'बायमंथली'चंही तेच रडगाणं. पगाराच्या भाषेत अमेरिकन लोक 'बायवीकली' म्हणजे दर दोन आठवड्यांनी, वर्षात साधारण २६ वेळा, असं धरतात; महिन्यातून दोनदा, म्हणजे वर्षात २४ वेळा, यासाठी 'सेमीमंथली'. ब्रिटिशांकडे 'फोर्टनाइट' हा सुटसुटीत शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ चौदा रात्री. आपला पंधरवडा त्याच्या जवळचा, पण जुळा भाऊ नाही. परदेशी क्लायंटने 'बायवीकली कॉल' म्हटलं तर मान डोलावू नका, पुढच्या दोन तारखा विचारून घ्या.

बँकांचे शनिवार हा असाच एक प्रकार. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. याला आपण सर्रास 'ऑल्टरनेट सॅटर्डे' म्हणतो, पण ते तसं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पाच शनिवार होते: चौथा २३ तारखेला, आणि त्यानंतरचा सुट्टीचा शनिवार थेट १३ सप्टेंबरला. मध्ये तीन आठवडे! म्हणून कॅलेंडरमध्ये 'दर २ आठवड्यांनी' लावलेली बँकेची सुट्टी काही महिन्यांत चुकीच्या शनिवारी येते.

कॅलेंडर अ‍ॅप्स ही नोंद कशी ठेवतात? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेलं 'आयकॅलेंडर'चं मानक आहे. त्यात नियमाचे मुख्य भाग असतात: एकक (दिवस, आठवडा, महिना), अंतर आणि पहिली तारीख. दिवसाआड म्हणजे एकक दिवस, अंतर २. पण फक्त 'अंतर २' वरून आज की उद्या हे कळत नाही, ते पहिल्या तारखेवरून ठरतं. इंग्रजी शब्दही नेमकं हेच गाळतात. 'एव्हरी अदर फ्रायडे' ठीक, पण कुठल्या शुक्रवारपासून?

आम्हा इंजिनिअरांचीही इथे फजिती होते. सर्व्हरवर 'क्रॉन'मध्ये तारखेच्या रकान्यात 'दर २' लिहिलं की काम १, ३, ५ असं करत ३१ तारखेला होतं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी १ तारखेला पुन्हा! आजीच्या रविवार-सोमवारचीच ही मोठी आवृत्ती.

तुम्हाला लावायचं असेल तर अलार्म सोडा, कॅलेंडर उघडा. नवीन नोंद करताना तारीख पहिल्या गोळीची द्या. 'रिपीट'मध्ये 'कस्टम' निवडा, आकडा २ टाका आणि एकक 'डे' ठेवा. बऱ्याचदा तिथे आधीपासून 'वीक' असतं, तेवढं बदला. मग महिनाअखेरपर्यंत सरकवून बघा, ३० किंवा ३१ च्या आसपास सलग दोन दिवस आले नाहीत ना.

आजीच्या फोनमध्ये आता असंच लावलंय. तरीही ती गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने फुली मारते, आणि फोन वाजला की आधी फुली बघते.