बुधवाऱ्यातून मुंबई: विमानाचा हिशेब कसा मांडायचा?

बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातून मुंबईला निघालेला माणूस सहसा गावच्याच लालबागचं रेल्वे स्टेशन गाठतो. पण घरात हमखास प्रश्न निघतो: इंदूरहून विमानाने गेलो तर लवकर पोहोचू का? तिकिटावर तर सव्वा ते दीड तासच दिसतो. याचं खरं उत्तर हवं असेल तर तीन हिशेब मांडावे लागतात.

पहिला हिशेब अंतराचा. विमानाला रस्त्याची किंवा रुळांची वळणं नसतात, म्हणून सरळ अंतर काढायचं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. हे माप जगभर जवळपास सारखंच. रेखांशाच्या अंशाची रुंदी मात्र ध्रुवाकडे जाताना कमी होत जाते. आपल्याकडे ती सुमारे 104 किलोमीटर भरते. इंदूर मुंबईच्या उत्तरेला 3.6 अंश, म्हणजे 400 किलोमीटर. आणि पूर्वेला 2.9 अंश, म्हणजे 300 किलोमीटर. आता शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय लावा: बाजू 400 आणि 300, तर कर्ण 500. एवढ्या टप्प्यात पृथ्वीचा गोलावा फारसा आड येत नाही. पुढे तुलनेला घ्यायचं जर्मनीतलं बर्लिन ते म्युनिक हे अंतरही जवळपास तेवढंच. फक्त तिथे रेखांशाचा अंश 71 किलोमीटरचाच धरावा लागतो.

दुसरा हिशेब उड्डाणाचा. जेट विमान उंचावर ताशी 800 किलोमीटरच्या वेगाने जातं, म्हणजे 500 किलोमीटरला चाळीस मिनिटंही लागू नयेत. पण हा वेग सगळा वेळ मिळत नाही. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यातच बहुतेक वेळ जातो. मुंबईच्या गर्दीत उतरण्यासाठी कधी घिरट्याही घालाव्या लागतात. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो.

तिसरा हिशेब दारापासून दारापर्यंतचा, आणि निर्णय तोच करतो. बुधवाऱ्यातून असीरगडाच्या पायथ्याने, खंडवा आणि मोरटक्क्याची नर्मदा ओलांडून इंदूरला सुमारे 180 किलोमीटर, निदान चार तास. तपासणीसाठी दीड-दोन तास आधी हजर राहायचं. मग उड्डाण, आणि मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. बेरीज आठ तासांच्या घरात जाते. रेल्वेचा रस्ता सुमारे 500 किलोमीटरचा, आणि पंजाब मेलसारखी गाडी साधारण नऊ तासांत, तेही रात्री झोपेत, थेट मुंबईत नेते. शिवाय मुंबई आपल्या नैऋत्येला असताना इंदूरसाठी आधी उत्तरेला जावं लागतं. जळगावचा विमानतळ सुमारे 100 किलोमीटरवर आहे; तिथून सोयीचं उड्डाण मिळालं तर मात्र रस्त्याचा वेळ बराच वाचतो.

जर्मनीतही हेच गणित चालतं. डिसेंबर 2017मध्ये नवा वेगवान मार्ग पूर्ण झाला आणि बर्लिन ते म्युनिक रेल्वेने चार तासांत जाता येऊ लागलं. तेव्हा तासाभराच्या उड्डाणापेक्षा अनेकांना गाडीच सोयीची वाटू लागली.

म्हणून तिकीट काढण्याआधी विमानाबाहेरचे तास वेगळे मांडा. आपल्यासाठी ते सहा-सात आहेत, आणि मुंबई असो वा बेंगळुरू, त्यात फारसा फरक पडत नाही. बेंगळुरूच्या लांब पल्ल्यात विमान ते तास भरून काढतं. मुंबईच्या पल्ल्यात ते जमत नाही. वृद्ध आईवडिलांना घेऊन निघायचं असेल तर मुंबईसाठी रात्रीची गाडीच धरावी.